हत्तीशी नातं लागेना

आमच्या भासऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात नसेल, आणि त्यांच्याइतके नातेवाईकही कुणाला नसतील. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं वाटेल, पण तसं नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. जगात ज्याची ज्याची म्हणून त्यांना भीती वाटली, त्याच्याशी त्यांनी नातं जोडून ठेवलेलं आहे. नातं काढायची खोड तशी आमच्याकडे सगळ्यांनाच. आमगावच्या स्टँडवर दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसली, की चहा येईपर्यंत एकाची मावससासू दुसऱ्याच्या चुलत्याच्या घरात निघतेच. पण बाकीचे लोक हे वेळ जावा म्हणून करतात, भासरे जीव वाचावा म्हणून करतात. "नात्यातला मानूस मारत नाई," असं त्यांचं ठाम मत आहे. "आन् मारलाच, तं हळू मारते."

गोंदियाला त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं तेव्हाची गोष्ट सांगते. दाढ किडून गाल एवढा सुजला होता की त्या बाजूचा डोळा मिटलेला. पण खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी डॉक्टरला गाव विचारलं, मग आईचं माहेर विचारलं, मग आईच्या आईचं. बाहेर पेशंट ताटकळलेले, आत यांची चौकशी चाललेली. शेवटी डॉक्टरची आई देवरीकडची निघाली, आणि भासऱ्यांच्या कुठल्याशा मावशीचं सासर त्याच गावातलं. झालं! डॉक्टरची आई बहीण झाली आणि डॉक्टर भाचा झाला. आता आमच्या भागात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, मग भाचा रांगता का असेना. भासरे खुर्चीवरून उतरले आणि हातात पकड घेऊन उभ्या असलेल्या त्या तरुण डॉक्टरच्या पायांवर डोकं ठेवून मोकळे झाले. "अंकल, अंकल, ये क्या कर रहे हो!" म्हणत डॉक्टर मागं सरला तो थेट औषधांच्या कपाटावर आदळला. दाढ निघाली. बाहेर आल्यावर तोंडात कापूस धरून भासरे म्हणाले, बिलकूल दुखली नाही. डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती, पण सख्ख्या भाच्याची बदनामी कोण करणार?

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर विजेचा एक ट्रान्सफॉर्मर आहे. पावसाळ्यात तो ठिणग्या उडवतो. तो बसवणारा लाइनमन भासऱ्यांच्या सासुरवाडीचा होता, एवढ्या धाग्यावर त्यांनी ट्रान्सफॉर्मरला सासरा करून टाकलं, आणि त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालून, चपला काढून हातात घेऊन जायला लागले. मी शाळेत विज्ञान शिकवते. रबरी चप्पल काढून भर पावसात ट्रान्सफॉर्मरखालून अनवाणी जाणारा माणूस रोज डोळ्यांनी बघणं म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच होती. पण सांगणार कशी? धाकट्या सुनेनं भासऱ्याशी थेट बोलायचं नाही, त्याच्या अंगावर आपली सावलीही पडू द्यायची नाही, ही आमच्या घरची रीत. मी बोलते ते भिंतीशी. म्हणजे भासरे ओट्यावर बसलेले असले की मी माजघराच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचं, "चप्पल पायात असली तर करंट लागत नाही म्हणतात," मग माझ्या मोठ्या जाऊबाई ते त्यांच्यापर्यंत पोचवणार, खरं तर त्यांनी ते आधीच ऐकलेलं असतं, आणि मग ते जाऊबाईंना सांगणार, "मास्तरीनले सांग, सासऱ्यापुढं चपला घालून कोन जाते?" या पद्धतीनं आम्ही इतकी वर्षं भांडत आलो आहोत. माझ्यासारख्या तोंडाळ बाईचे भिंतीशी बोलून किती हाल झाले असतील ते माझं मला ठाऊक.

एकदा मात्र या खोडीनं त्यांना तारलं. फोनवर एक बाई बोलायला लागली, तुमचं बँकेचं खातं आज बंद होणार आहे, अमुक बटण दाबा. भासऱ्यांना दरदरून घाम फुटला. आणि घाम फुटल्याबरोबर त्यांनी विचारलं, "बाई, माहेर कोन्तं तुमचं?" ती यंत्रातली बाई, ती पुन्हा तेच बोलली. यांनी पुन्हा माहेर विचारलं. असं बराच वेळ चालल्यावर भासऱ्यांनी फोन खाली ठेवला आणि जाऊबाईंना म्हणाले, "लयच गर्वाची बाई दिसते. माहेर सांगत नाई तिच्यासंग काय बोलाचं?" वाचले!

तर असा सगळ्या धोक्यांना सोयरे करून निवांत बसलेला हा माणूस, आणि मग हत्ती आले. काही वर्षांपूर्वी छत्तीसगड, गडचिरोली असं फिरत फिरत एक कळप आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला उतरला. वाघ आम्हाला नवा नाही. अस्वल तर मोहाच्या दिवसांत शेजाऱ्यासारखं येऊन जातं. पण हत्ती आमच्या आजोबा-पणजोबांनीही पाहिला तो सर्कशीत, नाहीतर गणपतीच्या तसबिरीत. भासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, अर्जुनी मोरगावकडे जंगलाच्या कडेच्या एका गावात दिलेली होती. सोयरीक भासऱ्यांनीच जुळवलेली. एका सकाळी तिकडून फोन आला की नणंदेच्या घराची भिंत हत्तीनं पाडली, साठवलेलं धान खाल्लं, माणसं वाचली. भासरे मिळेल त्या गाडीनं गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तिथं काय पाहिलं ते कुणालाच सांगितलं नाही. आल्याबरोबर घरातली वाळत घातलेली मोहफुलं उचलून नदीत टाकली, कारण हत्तीला मोहाचा वास फार लांबून येतो म्हणे. आता आमगाव हे रेल्वेच्या लाइनीवरचं गाव, हत्ती काय पॅसेंजर पकडून येणार होता? पण मी हसले नाही. त्यांचा चेहरा पाहून हसू आलंच नाही. पुढच्या पावसाळ्यात नणंद तापानं गेली. डॉक्टर म्हणाले ताप, सगळे म्हणाले ताप. भासरे म्हणाले, "भेवानं गेली."

त्यानंतर त्यांनी हत्तीशी नातं काढायचा जो प्रयत्न केला, त्याला तोड नाही. महिनेच्या महिने बसून ते आठवत असायचे, पण कुठूनच धागा लागेना. हत्तीचं गाव कोणतं म्हणाल? मामेकूळ कोणतं? आमच्या ह्यांनी एकदा गमतीनं म्हटलं, "दादा, गनपती हाय ना आपल्या घरात, तिकडून लावा." भासरे भयंकर गंभीर होऊन म्हणाले, "देवासंग नातं नाई लागत गा. देवाले फक्त नवस लागते." आणि जिच्याशी नातं नाही अशी एकुलती एक भीती घेऊन ते झिजायला लागले.

अशात त्यांच्या मुलीला, रोशनीला स्थळ आलं. आलं म्हणजे काय, तिनंच ते आणवलं. मुलगा गोंदियाला क्लासमध्ये तिच्याबरोबर शिकलेला, घरचं धान, मोटारपंप दुरुस्तीचं स्वतःचं दुकान, बोलायला गोड. मला पसंत, जाऊबाईंना पसंत, रोशनीचं तर विचारूच नका. फक्त गाव कोणतं, तर नणंदेच्या गावाला लागून, त्याच जंगलाच्या कडेला, हत्तींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. भासऱ्यांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. "पाहू," म्हणाले. उन्हाळा संपला, पाहू. धानाची रोवणी होऊ द्या, मग पाहू. मुलाकडच्यांनी शेवटी निरोप पाठवला की दिवाळीपर्यंत वाट बघतो, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. जाऊबाई चिडून भांडी आपटायच्या. रोशनी माझ्याकडे येऊन रडली. "काकू, बाबा नाई मनले असते तं मी भांडली असती. भेऊन राहिलेल्या मानसासंग कशी भांडू?" तिचंही खरंच होतं. एका बाजूला पोरीचं आयुष्य, दुसऱ्या बाजूला बापाची भीती, आणि दिवस तर भराभर चाललेले.

त्याच सुमारास आमच्याच जिल्ह्यात, गोंदियाहून तासा-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसाठी नवं आवार झाल्याचं रोशनीच्या मोबाईलवर दिसलं. कुठलीशी सर्कस बंद पडली, तिच्यातल्या दोन म्हाताऱ्या हत्तिणी तिथं आणून ठेवल्या होत्या. माझ्या डोक्यात किडा वळवळला. संध्याकाळी मी भिंतीला म्हटलं, "ज्याला भ्यायचं तो एकदा नीट पाहून तर घ्यावा."  ओट्यावरून आवाज आला, "सोयरीक कराच्या आंधी आपुन घर पाहतो, गोठा पाहतो, इहीर पाहतो. त्या गावात पोरगी द्याची तं हत्ती पाहालेच पायजे. मास्तरीन बराबर मनून राहिली." जाऊबाईंचे गुडघे धरलेले, आमच्या ह्यांना दुकान. मग ठरलं की रोशनी आणि मी त्यांना घेऊन जायचं.

सकाळी बघते तर भासरे स्थळ पाहायला निघाल्यासारखे तयार. पांढरा कडक सदरा, टोपी, खांद्यावर उपरण्यासारखा नवाकोरा दुपट्टा, पिशवीत नारळ. रोशनीनं विचारलं, नारळ कशाला? तर म्हणाले, "पाहाले चाललो ना? रिकाम्या हातानं कसं जाऊन राहिलो मनून हासतीन लोक."  गाडीत मात्र त्यांनी रोशनीचं मनगट धरलं होतं, लहान मुलाचं जत्रेत धरतात तसं, आणि गोंदिया येईपर्यंत सोडलं नाही. पोरीच्या हातावर बोटांचे वळ उठले होते. तिनं ओढणीखाली हात झाकला.

प्राणिसंग्रहालयाच्या दारात नारळ अडला. खायचं काही आत नेता येत नाही म्हणे. भासऱ्यांनी वाद घातला नाही, नारळ दारवानाजवळ ठेवला आणि "ध्यान देजो गा" एवढंच म्हणाले. आणि मग सुरू झाली त्यांची टंगळमंगळ. हरणांसमोर उभे राहिले ते हलेचनात. मोराची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वरपासून. एरवी अस्वलाचं नाव काढलं तरी कपाळावर आठ्या पडायच्या, त्या दिवशी अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर बूड टेकून बसले. "किती चांगलं अस्वल हाय," म्हणाले. मी रोशनीला म्हटलं, "तुझ्या बाबांना सांग, अस्वलाच्या घरी मुलगी द्यायची नाहीये." तिनं सांगायची गरजच पडली नाही, ते निमूटपणे उठले.

हत्तीचं आवार सगळ्यात शेवटी होतं. मोठं होतं, छान होतं. मधे पाण्याचं टाकं, एका अंगाला चिखल, वाळूचा ढीग, अंग घासायला रोवलेले जाडजूड ओंडके, पलीकडे उंच शेड. आपल्या बाजूनं खोल चर आणि त्याच्या अलीकडे लोखंडी खांबांचं कुंपण. आणि हत्ती? हत्ती नव्हता. सगळं होतं, हत्ती तेवढा दिसत नव्हता. भासऱ्यांनी कुंपणाचा एकेक खांब धरून हलवून पाहिला. नळ कुठं आहे ते बघून बाटली भरून आणते म्हणून रोशनी गेली, आणि मग आमच्या लक्षात आलं की मधे बोलायला कुणी उरलेलंच नाही. मी, भासरे, आणि हत्तीविषयी माहिती लिहिलेली एक पाटी. तिथं भिंतही नव्हती. आम्ही दोघंही पाटीकडे तोंड करून उभे राहिलो.

"लिवलं तं लय हाय," भासरे पाटीला म्हणाले. "किती खाते, किती पानी पिते. येक गोष्ट नाई लिवली. त्याच्या पायाचा आवाज येत नाई, हे नाई लिवलं."  ते पुढं बोलायला लागले, आणि जे त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या पाटीला सांगितलं. "मी गेलो तं बहीन चुलीपाशीच बसून होती. हातात फुकनी. मले मनाली, दादा, मले आयकूच नाई आलं. मी चूल पेटवून राहिली होती, भिंत होती. मंग भिंत नव्हती. भिंतीच्या जाग्यावर तो उभा होता. येवढा जीव दारात येऊन उभा राहिला आन् पाला नाई वाजला, कुत्रं नाई भुकलं." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तिले तिथं मीच देल्ली. चांगलं घर हाय मनून. आता पोरगीले देऊ? थे झोपून राहीन आन् तिले आयकू नाई येनार."

 इतके दिवस आम्ही सगळे त्यांना समजावत होतो, की कळपाची खबर आधी मिळते, वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात, मोबाईलवर निरोप येतात. पण ते हत्तीला भीत नव्हतेच. ते त्या न वाजणाऱ्या पावलाला भीत होते. मलाही रोशनी दिसायला लागली, भिंतीशी उशी लावून झोपलेली. मी पाटीला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मान वर केली, आणि हत्तीण समोर होती.

कधी आली, कुठून आली, कोण जाणे. चराच्या अगदी पलीकडच्या काठावर ती उभी होती, डोंगराएवढी, आणि तिची सोंड कुंपणाच्या दिशेनं हवेत लांब झालेली. पालासुद्धा वाजला नव्हता.  "बाई, मांगं सर!" असा ओरडा कानाशी झाला आणि कुणीतरी माझा दंड धरून मला एवढ्या जोरात मागं ओढलं की माझा चष्मा नाकावरून लोंबकळला. भासरे! माझ्याशी थेट बोलले होते, वरून माझा हात धरला होता. त्यांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात सोडला. समोर हत्तीण, शेजारी धाकटी सून, आता कोणाला जास्त भ्यायचं ते त्यांना कळेना. ते लटलट कापत होते. पण माझ्या आणि कुंपणाच्या मधे उभे राहून कापत होते, हे मी त्या घाबरगुंडीतही पाहिलं.

"डरो मत बाबूजी, बेटी है मेरी," असं म्हणत शेडच्या बाजूनं एक माणूस आला. हत्तिणींची देखभाल करणारा, सर्कशीपासून त्यांच्याबरोबर असलेला. "फूलमती नाम है. किसी को कुछ नहीं करती. बस, देखने आती है कौन आया." भासऱ्यांच्या दातांवर दात वाजत होते, तरी त्यांच्यातला नातेवाईक जागा झाला. "गाव कोन्ता गा तुमचा?" तो म्हणाला, डोंगरगडकडचा. "आन् सासुरवाडी?" माणूस हसला. म्हणाला, सासुरवाडी तर इधरकी, सालेकसा की. भासऱ्यांचा चेहरा असा काही बदलला की बस! सालेकसा म्हणजे आमच्या शेजारचा तालुका. "मंग तुमी आमच्या इकडचे जवाई," ते म्हणाले, आणि हे बोलता बोलताच पुढचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत दिसायला लागला. त्यांनी हत्तिणीकडे बोट केलं. "हे तुमची पोरगी. जवायाची पोरगी म्हंजे आमची नात!"

तेवढ्यात बाटली घेऊन रोशनी परत आली आणि बापाचा अवतार पाहून मागंच थबकली. भासऱ्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्या माणसाच्या खांद्यावर घातला, जवाई म्हणून. मग कुंपणाजवळ गेले.  त्यांचे दोन्ही हात खांबांवर, आणि हात इतके थरथरत होते की खांबाला बांधलेली सूचनेची पत्र्याची पट्टी खडखड वाजायला लागली. फूलमतीनं सोंडेनं वाळू उचलली आणि पाठीवर उडवली, अर्धी तिच्या पाठीवर, अर्धी भासऱ्यांच्या टोपीवर. ते हलले नाहीत. डोळे मिटून घेतले, पण हलले नाहीत.

"माय," ते हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मानसायले सांगजो. माही पोरगी येऊन राहिली तुमच्या वाटेवर. भिंत पाडाची असन तं पाडजा. धान खाजा, मी काई मनत नाई. फक्त पोरगी बाहीर निंगेपर्यंत थांबजा."

 तो माणूस म्हणाला, "बाबूजी, ये तो सर्कस की है. इसने जंगल देखा ही नहीं. वो हाथी अलग, ये अलग." भासऱ्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंडावरची वाळू पुसली. "अलग असतीन," ते म्हणाले. "कोठी ना कोठी नातं लागतेच." रोशनी माझ्या खांद्यावर तोंड खुपसून रडत होती, आणि खरं सांगते, मीही रडत होते. हत्तीण थोडा वेळ सोंड हलवत राहिली आणि आली तशीच, आवाज न करता, शेडमागं निघून गेली.

परतीच्या गाडीत भासरे खिडकीशी बसले. दारवानाकडून परत घेतलेला नारळ मांडीवर. गोंदिया सुटलं तसं ते साखरपुड्याचं खिडकीलाच म्हणाले, "साक्षगंधाचा दिवस पाहा मना. दिवाळीच्या आंधीच पाहा." भीती गेली होती असं समजू नका. बोलून झाल्यावर त्यांना आमगावपर्यंत उचक्या लागल्या. पण बोलले. रोशनीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. पाठवणीच्या वेळी बाकीचे बाप रडतात, भासरे जावयाला बाजूला घेऊन भिंतींची जाडी विचारत होते.

आणि यंदा धान कापणीला आलं असताना कळप पुन्हा तिकडे उतरला. रोशनीच्या गावाजवळ आल्याची खबर आली तशी आमच्या घरात धावपळ उडाली. फोन लावा, तिला इकडे बोलवा, जावयाला म्हणावं दुकान राहू द्या. ती म्हणाली, कापलेलं धान शेतात आहे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, कशी येऊ? जाऊबाईंनी देव पाण्यात घातले. आणि या गोंधळात भासरे घरात नाहीत हे दुपारपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. रस्त्यात बैल उभा असला तर गल्ली बदलून जाणारा हा माणूस, सकाळच्या पहिल्या गाडीनं एकटाच रोशनीकडे निघून गेला होता. कुणाला न सांगता, कारण सांगितलं असतं तर आम्ही जाऊ दिलं नसतं, आणि आम्ही अडवलं असतं तर बहुतेक ते थांबलेही असते.

कळप गावाच्या पलीकडून गेला. दोन-चार शेतांतलं धान तुडवलं, पुढं निघून गेला, कुणाच्या घराला हात लागला नाही. दिवाळीनंतर रोशनी माहेरी आली तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. "काकू, कळप होता तंवरी बाबा रोज जंगलाकडच्या भिंतीले पाठ लावून बसत. कान आयकत नाई तं पाठीले समजन, मनत. आन् असे कापत होते का मलेच त्याईची दया ये. मी मनलं, बाबा, येवढं भेव लागते तं आले काऊन? तं मनाले, तुले झोप येते ना? मंग तू झोप. भेवानं माहा तसाही डोळा लागत नाई." ती भाजी निवडता निवडता थांबली. "आन् मी झोपली, काकू. लहानपणी झोपत होती तशी."

बाहेर ओट्यावर भासरे खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. फार थकलेत अलीकडे, टोपी कपाळावर आलेली, मान छातीवर कललेली. जाऊबाई त्यांना चहाला उठवायला निघाल्या होत्या. मी त्यांना हातानंच थांबवलं. म्हटलं, राहू द्या, चहा मी पुन्हा करीन.